लांबलेली यादी

चि. सौ. मृण्मयीस,


तुझी यादी वाचली. दाणे, काजू, बदाम, तीळ, हरभरा, तूर, मूग, गहू, दूध, अंडं. दोन वर्षांच्या पोराला एवढं बंद केल्यावर त्याच्या ताटात भात-बटाट्याखेरीज उरलं तरी काय? यातल्या दाण्याबद्दल वाद नाही. लाडू खाल्ल्यावर अर्ध्या तासात ओठ सुजले, अंगभर पित्त उठलं, उलटी झाली आणि तपासणीनेही तेच सांगितलं; तिथे निदान पक्कं. बाकीची नावं मात्र रक्ताच्या रिपोर्टात ‘पॉझिटिव्ह’ आली एवढ्यावरच यादीत शिरली, आणि त्यातलं वरण तर तो परवापर्यंत मिटक्या मारत खात होता. माझं म्हणणं एवढंच, की डॉक्टरांसमोर बसून ही यादी छोटी करून घे आणि जी उरेल ती डोळ्यांत तेल घालून पाळ. आज तुझ्याकडे नेमकं उलटं चाललंय. यादी हातभर, आणि जिच्यापासून खरा धोका ती दाण्याच्या कुटाची बरणी अजून ओट्यावरच.

आधी रिपोर्टाचं. ही तपासणी रक्तातली आयजीई नावाची प्रतिपिंडं मोजते. शरीराने एखाद्या पदार्थाची दखल घेतली आहे, एवढंच त्यातून कळतं; तो पोटात गेल्यावर त्रास होईलच, हे कळत नाही. बंगळूर-म्हैसूर भागात युरोपीय संशोधकांच्या साथीने एक पाहणी झाली. तिच्यात 26 टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. खरी ॲलर्जी असावी असे लोक निघाले जेमतेम 1.2 टक्के. म्हणजे नुसता रिपोर्ट वाचून पथ्य लावायचं तर दर चौथ्या माणसाचं ताट काढून घ्यावं लागेल. दाणा कडधान्यांच्याच कुळातला, म्हणून तूर-मुगाची नावं त्याच्या मागोमाग रिपोर्टात येतात. पण दाण्याची ॲलर्जी असलेली बहुतेक मुलं वरणभात खुशाल पचवतात. हरभऱ्या-मसुराची स्वतंत्र ॲलर्जी आपल्याकडे आढळते, हेही खरं, म्हणून हा निवाडा तू किंवा मी करायचा नाही. काय खाल्लं, किती वेळात त्रास झाला, पुन्हा खाल्लं तेव्हा झाला का, हे डॉक्टर विचारतील. तरी शंका उरली तर दवाखान्यातच, देखरेखीखाली, थोडं थोडं खाऊ घालून बघतील. शे-दोनशे पदार्थांच्या आयजीजी नावाच्या वेगळ्या प्रतिपिंडांच्या तपासण्या विकल्या जातात, त्यांच्या वाटेला मात्र जाऊच नकोस. आयजीजीवरून ॲलर्जी ठरत नाही.

तू म्हणशील, सावधगिरी म्हणून चार पदार्थ जास्त वगळले तर बिघडलं कुठे? शाकाहारी घरातल्या वाढत्या मुलाचं डाळ आणि दूध दोन्ही बंद झालं, की प्रथिनं कुठून आणणार, हे एक. दुसरं जास्त गंभीर आहे. जो पदार्थ मूल सुखाने खातंय तो रिपोर्टापायी महिनोन्‌महिने बंद ठेवला, तर शरीराला असलेली त्याची सवय मोडू शकते आणि पुढे तोच पदार्थ खरोखर बाधू लागतो. इसबासाठी दूध बंद केलेल्या मुलांत असं घडलेलं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. सावधगिरीचा हा प्रयोग मोठ्या प्रमाणावरही होऊन गेलाय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली सल्ला दिला होता, की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणे देऊ नयेत. 2008 मध्ये तो मागे घेतला, कारण उपयोगाचा पुरावाच मिळेना. त्याच वर्षी गिडीयन लॅक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची तुलना मांडली. इस्रायलमध्ये बाळं दाण्याचे कुरकुरे चघळतच मोठी होतात. दाणा लांब ठेवणाऱ्या ब्रिटनमधल्या मुलांत ही ॲलर्जी जवळपास दहापट निघाली. मग लंडनमध्ये 640 बाळांवर रीतसर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. त्वचेवरची चाचणी आधी निगेटिव्ह असलेल्यांपैकी ज्यांना दाणा दिला नाही त्यांच्यातल्या 13.7 टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती. नियमित दिला त्यांच्यात 1.9 टक्के. पोटातून ओळख झाली तर शरीर पदार्थाला सामावून घेतं आणि फुटलेल्या, खाजऱ्या कातडीतून झाली तर वैर धरतं, असा आज बहुतेक तज्ज्ञांचा कयास आहे. जपानमध्ये गव्हाची प्रथिनं घातलेल्या एका साबणाने तोंड धुणाऱ्या दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली होती. तेव्हा तुझ्या धाकट्या लेकीच्या अंगावर इसबाचे चट्टे असताना डाळीचं पीठ आणि साय चोळून न्हाऊ घालणं आजच थांबव. कितीही जुनी रीत असो.

आता सासूबाईंचं म्हणणं. “थोडं थोडं द्या, सवय होईल.” वरचे आकडे ऐकून त्या म्हणतील, बघा, मी काय सांगत होते! त्यांची हेटाळणी करू नकोस, अर्धी गोष्ट त्या बरोबरच सांगतायत. मात्र लंडनच्या चाचणीत ज्या बाळांच्या त्वचेवर आधीच मोठी गांधी उठली त्यांना घेतलंच नव्हतं. ॲलर्जी होऊ नये म्हणून खाऊ घालणं वेगळं, झालेल्याला खाऊ घालणं वेगळं. झालेल्यालाही सवय लावतात, नाही असं नाही. अमेरिकेत 2020 मध्ये मंजूर झालेलं दाण्याच्या पुडीचं औषध अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरू करतात, डोस वाढवतात तो दवाखान्यात, आणि एवढं करूनही ॲड्रेनलिनचं इंजेक्शन कायम जवळ बाळगावं लागतं. आजीच्या चिमटीला असं माप नसतं. सासूबाईंचा सल्ला लागू पडतो तो धाकटीला. तिचं इसब जोरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि त्यांनी हो म्हटलं की सहा महिन्यांच्या सुमारास पातळ पेजेत अगदी बारीक कूट कालवायचा. अख्खा दाणा नाही, तो घशात अडकतो.

स्वयंपाकघराचा खरा प्रश्न कूट हाच आहे. अख्खा दाणा दिसतो, उचलता येतो. कूट मिक्सरच्या झाकणाच्या रबरी रिंगेत आणि पात्याखालच्या खाचेत तेलकट होऊन बसतो. नंतर त्याच भांड्यात वाटलेली चटणी निर्धोक राहत नाही. कुटातला चमचा साखरेच्या डब्यात जातो, चिवड्याचे दाणे तळलेल्या तेलात दुसऱ्या दिवशी पुऱ्या होतात. म्हणून कूट स्वयंपाकातूनच जाऊ दे. एकट्या थोरल्यासाठी वेगळं पातेलं लावण्यापेक्षा सगळ्यांचा स्वयंपाक एक असणं सोपं. एका पोरासाठी सगळ्यांनी का सोसायचं, असं कुणी विचारलं, तर सोसायला फारसं काही नाहीच म्हणून सांग. कोकणातल्या कितीतरी भाज्या ओल्या खोबऱ्यावर निभतात. भरल्या वांग्याला भाजलेलं सुकं खोबरं आणि कारळं, कोशिंबिरीला नारळ, आणि डॉक्टरांनी मोकळीक दिली की तीळ. अडचण खरी आहे ती उपासाची. साबुदाण्याच्या खिचडीतलं पाणी कूट शोषतो, त्याच्याविना तिचा गोळा होतो. सासूबाईंना वरीचे तांदूळ किंवा खोबरं घातलेला रताळ्याचा कीस करून दे. धाकटीसाठी मात्र लागेल तेवढाच कूट छोट्या बंद डब्यात, वेगळ्या चमच्यासकट वरच्या फळीवर ठेव. तिला भरवताना थोरला जवळ नको. नंतर हात आणि तिचं तोंड साबणाने धू. नुसतं पाणी किंवा सॅनिटायझर दाण्याचा अंश पुरता काढत नाही. तेल घाण्याचं असेल तर त्यात दाण्याची प्रथिनं राहतात, ते बदल. आणि गव्हाची ॲलर्जी खरीच निघाली, तर हिंगाची डबी वाचून बघ, बाजारच्या बहुतेक हिंगात मैदा असतो.

पाकिटावर दाणे, दूध, गहू, सोया यांचा उल्लेख आपल्याकडे कायद्याने सक्तीचा आहे. तीळ त्या यादीत नाही. सुट्या फरसाणाला आणि मिठाईला मात्र पाकीटच नसतं. काजूकतलीत दाण्याची भेसळ होते, हिरवे रंगवलेले दाणे पिस्ते म्हणून खपवले जातात. बाहेरची मिठाई थोरल्यापुरती बंदच.

इतकं करूनही कधीतरी चूक होईल. नुसतं पित्त उठलं आणि मूल खेळतंय, तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं ॲलर्जीचं औषध देऊन लक्ष ठेव. पण त्यासोबत खोकला, घरघर, बसका आवाज, पुन्हा पुन्हा उलट्या यातलं काही दिसलं, किंवा मूल मलूल पडलं, तर आमसूल चोळण्यात एक मिनिटही घालवायचं नाही. त्या वेळी ॲलर्जीचं ते पातळ औषधही पुरत नाही. लागतं ते ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. परदेशात त्याचं तयार पेन मिळतं, आपल्याकडे ते सहज हाती लागत नाही. म्हणून वजनाप्रमाणे डोस लिहून घे, कुपीतून औषध कसं ओढायचं ते डॉक्टरांकडून शिकून घे, आणि जावईबापूंनाही शिकव. मुलाला आडवं ठेवायचं, धाप लागली असेल तर बसतं, चालवायचं नाही. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, त्रास काही तासांनी उलटू शकतो.

पाळणाघरातल्या ताईंना हेच मराठीत एका कागदावर, मुलाच्या फोटोसकट लिहून दे. दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांची वाढत्या वयात जाते, दाण्याची साधारण पाचातल्या एकाची. तेव्हा दर वर्षी तपासणी चुकवू नकोस. पुढच्या भेटीला जाताना वही घेऊन जा. वरण, पोळी आणि दूध हे त्याने शेवटचं कधी खाल्लं आणि नंतर काय झालं, तेवढं तारखेसह लिही. डॉक्टरांना आधी वरणाचंच विचार.

सासूबाईंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
मावशी