भंगारातलं पॅनेल गाडीत घालण्याआधी

“काका, फोर्कलिफ्टचं पॅनेल मिळालंय. ओम्नीला चालेल ना?” असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: त्याच्याबरोबरचे कॉन्टॅक्टर आणलेत का? बहुतेकांनी आणलेले नसतात. पॅनेल म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारी पेटी. भंगारवाला तेवढीच सोडवून देतो. कॉन्टॅक्टर वेगळे विकले जातात, कारण त्यांच्या टिपांत चांदी असते. घेणाऱ्यालाही वाटतं, आपल्या गाडीला गिअरबॉक्स आहे, रिव्हर्स गिअरमध्येच पडतो, मग मोटर उलटी फिरवायचे कॉन्टॅक्टर कशाला? इथेच सगळं फसतं.

भोसरीला माझं मोटर रिवाइंडिंगचं आणि फोर्कलिफ्ट दुरुस्तीचं काम आहे. जुनी गाडी घरच्या घरी इलेक्ट्रिक करणारी पोरं अधूनमधून येतात. हुशार असतात, हात चालतो, वाचलेलंही बरंच असतं. त्यातल्या दोघांनी एक आर्मेचर आणून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “हे गुंडाळून मिळेल का?” गुंडाळण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कम्युटेटरच्या पट्ट्या उभ्या राहिल्या होत्या, वरचं बँडिंग तुटलं होतं आणि वाइंडिंग केसांसारखं बाहेर आलं होतं. जळाल्याची खूण कुठेच नाही. म्हणजे मोटर पळून पळून फुटली होती. मग मी त्यांना बसवलं आणि काय केलं ते पहिल्यापासून सांगायला लावलं.

फोर्कलिफ्टची 48 व्होल्टची सीरिज मोटर, तिचंच एससीआरचं जुनं पॅनेल आणि बॅटरी म्हणून गाड्यांच्या चार वापरलेल्या 12 व्होल्टच्या. कंपनीच्या आवारातल्या चढावर व्हॅन चढवली. वर पोचल्यावर पॅडल सोडलं, तर व्हॅन थांबेना. चालवणाऱ्याने कोणीही केलं असतं तेच केलं, ब्रेक आणि क्लच दोन्ही दाबले. व्हॅन थांबली. आतून शिट्टीसारखा आवाज चढत गेला आणि मग धडाम्. कोणाला लागलं नाही, हे नशीब.

यात दोन गोष्टी झाल्या, आणि दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

एससीआर 1957 मध्ये जनरल इलेक्ट्रिकने आणला, आणि पुढची कित्येक वर्षं फोर्कलिफ्टचा वेग त्यानेच सांभाळला. त्याचा स्वभाव असा, की गेटला इशारा दिला की तो चालू होतो, पण बंद करताना गेटचा काही उपयोग नाही. त्यातून वाहणारा करंट क्षणभर शून्यावर आणावा लागतो. बॅटरीचा डीसी करंट आपणहून शून्यावर येत नाही. म्हणून पॅनेलमध्ये एक कपॅसिटर भरून ठेवलेला असतो. तो उलटा सोडला की एससीआर बंद पडतो. पॅडल दाबलेलं असेपर्यंत हा खेळ सतत चालू असतो आणि जुन्या फोर्कलिफ्टची गुरगुर हा त्याचाच आवाज. कपॅसिटरमध्ये किती भरणार ते बॅटरीच्या व्होल्टेजवर ठरतं, आणि किती करंट तोडायचा ते मोटरच्या ओढीवर. बॅटरी दमलेली, गाडी चढावर, करंट भरपूर: अशा वेळी कपॅसिटर कमी पडतो आणि एससीआर चालूच राहतो. फोर्कलिफ्टची बॅटरी शेकडो किलोची असते, तिचं व्होल्टेज सहसा इतकं कोसळत नाही. गाडीची बॅटरी इंजिनाला सेल्फ मारण्यापुरती, चढावर ती बसणारच.

पॅनेल बनवणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या ईव्ही-1 या पॅनेलमध्ये ‘पल्स मॉनिटर ट्रिप’ नावाची सोय असे. एससीआर बंद झाला नाही हे तिला कळलं की ती फॉरवर्ड किंवा रिव्हर्सचा कॉन्टॅक्टर सोडून द्यायची आणि मोटर बॅटरीपासून तुटायची. म्हणजे पोरांनी जे कॉन्टॅक्टर बिनकामाचे समजून सोडले, तोच त्या यंत्राचा शेवटचा ब्रेक होता.

दुसरी गोष्ट क्लचची. सीरिज मोटरला भार नसेल तर तिच्या वेगाला मर्यादा राहत नाही. करंट घटतो तशी फील्ड कमजोर होते, फील्ड कमजोर झाली की ती आणखी पळते. फोर्कलिफ्टमध्ये मोटर थेट ड्राइव्हच्या गिअरला जोडलेली असते, मध्ये क्लच नाही, त्यामुळे तिला असा मोकळा सुटण्याचा प्रसंगच येत नाही. गाडी चालवणाऱ्याचा डावा पाय मात्र घाबरला की आपोआप क्लचवर जातो. म्हणून मी सांगतो, सीरिज मोटर बसवायची तर क्लच काढा. ठेवायचाच असेल तर मोटरचे फेरे मोजणारा सेन्सर लावा आणि मर्यादेच्या वर गेली की मेन कॉन्टॅक्टर पडेल अशी जोडणी करा. टेबलावर मोटर तपासताना 12 व्होल्टच्या वर जायचं नाही, तेही मोटर पक्की आवळून.

“आमचं तर मॉसफेटचं आहे, एससीआर नाही,” असं काहीजण जोरात सांगतात. चांगलं आहे. मॉसफेट बंद करायला कपॅसिटरची कसरत लागत नाही, कर्टिसची 15 किलोहर्ट्झची पॅनेलं तर गुरगुरतही नाहीत. पण मॉसफेट मेला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो, आणि मग परिणाम तोच, पूर्ण वेग. त्यामुळे पॅनेल कोणतंही असो, बॅटरी आणि त्याच्यामध्ये डीसी तोडू शकणारा मेन कॉन्टॅक्टर, डीसीचाच फ्यूज आणि हाताने ओढता येईल असा प्लग हवाच. फोर्कलिफ्टवाला संकटात बॅटरीचा प्लग उपटतो. तुमचा प्लग मागच्या सीटखाली असेल तर तो असून नसल्यासारखा. आणि घरातली एसीची एमसीबी इथे लावू नका, डीसीची ठिणगी ती तोडू शकत नाही, आतच जळत राहते.

कॉन्टॅक्टरवर प्रीचार्जचा रेझिस्टर लावायला विसरू नका. मॉसफेटच्या पॅनेलमध्ये मोठे कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना कॉन्टॅक्टर बसला तर एवढा करंट धावतो की टिपा चिकटतात, आणि चिकटलेला कॉन्टॅक्टर ऐनवेळी सुटत नाही. वीस वर्षं पडून राहिलेल्या पॅनेलचे कपॅसिटर सुकलेलेही असतात. माझं मत विचाराल तर ते बदलूनच टाका, तपासण्यात वेळ घालवू नका.

पॅडलच्या पॉटचं, म्हणजे पोटेन्शिओमीटरचं पाहा. काही पॅनेलं शून्य ते पाच हजार ओहम मागतात, काही उलट, पाच हजार ते शून्य. पहिल्या प्रकारात वायर तुटली तर पॅनेलला ते पूर्ण दाबलेलं पॅडल वाटतं, दुसऱ्यात वायर शॉर्ट झाली तर. नव्यांत हा दोष ओळखून पॅनेल थांबतं, खूप जुन्यांत थांबेलच असं नाही. चाकं हवेत, गिअर न्यूट्रल, मोटरला 12 व्होल्ट अशा स्थितीत वायर मुद्दाम काढून बघा. पॅनेल इतक्या कमी व्होल्टेजवर उठत नसेल तर मोटर जोडूच नका, तिच्या जागी बल्ब लावा. चावीच्या वायरीतही फसगत असते. पॅनेलला चालू करणारी वायर बॅटरीच्या पूर्ण व्होल्टेजवर असते. ती गाडीच्या 12 व्होल्टच्या इग्निशन स्विचमधून नेली तर आज ना उद्या स्विच जळणार. मध्ये रिले घाला.

ताकदीचा हिशेब लोक नेहमी वरच्या आकड्यावर करतात. 48 व्होल्ट गुणिले 300 अँपिअर म्हणजे 14.4 किलोवॅट, साधारण 19 हॉर्सपॉवर. ऐकायला बरं वाटतं. पण तो 300 चा आकडा एक-दोन मिनिटांचा असतो. तासाभराचा आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो, प्लेटवर तोच शोधा. फोर्कलिफ्ट क्षणभर जोर लावते, थांबते, परत लावते, आणि तिचं पॅनेल जाड लोखंडाला आवळलेलं असतं. ओम्नीचा पत्रा काय उष्णता ओढणार? पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकी चढताना पॅनेल तापून करंट कापायला लागेल, आणि मागून ट्रक येत असेल. अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट आणि पंखा यावर पैसे वाचवू नका.

सेपेक्सची, म्हणजे फील्डला वेगळा करंट देणाऱ्या मोटरची पॅनेलं मात्र मी कोणालाही सुटी घेऊ देत नाही. त्यात फील्डचा करंट पॅनेल स्वतः ठरवतं, आणि तो ठरावीक मोटरसाठी भरलेल्या आकड्यांवरून. मोटर बदलली आणि फील्ड कमी पडली, की पळालीच. एसीच्या पॅनेलचंही तसंच. एन्कोडर, मोटरचे आकडे, ते भरायचा हँडसेट आणि अनेकदा बनवणाऱ्याने घातलेलं कुलूप. मोटर, पॅनेल, हार्नेस आणि पॅडल एकाच मशीनवरून, तुमच्या डोळ्यांदेखत निघत असेल तरच हात घाला.

आणि रस्त्याचं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. पेट्रोलची गाडी इलेक्ट्रिक करायची तर एआयएस-123 च्या भाग 3 प्रमाणे मंजूर झालेलं किट लागतं. त्याची चाचणी पुण्यातच एआरएआयमध्ये होते, आणि भंगारातलं पॅनेल त्यातून पार होणार नाही. आरटीओ सोडा, अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल याचा विचार करा. शेतातली ट्रॉली, कारखान्याच्या आवारातली माल ओढायची गाडी, इथे ही पॅनेलं मला मान्य आहेत, वेग माणसाच्या धावण्याएवढा ठेवलात तर. त्या दोघांनी शेवटी तेच केलं. जुन्नरला एकाच्या मामांच्या द्राक्षबागेत क्रेट वाहायची गाडी आहे, 48 व्होल्टची, क्लच नाही, आणि लाल प्लग ड्रायव्हरच्या गुडघ्याशी.