नकुसा : एका नावाचा अर्थ, उगम आणि प्रवास



आज आपण मुलीच्या एका वेगळ्या नावाची माहिती घेणार आहोत. बाळासाठी नावं शोधायला आपण जी पुस्तकं चाळतो, त्यांत हे नाव मिळायचं नाही. तरीही ते शाळेच्या हजेरीपटावर, रेशनकार्डावर, मतदार यादीत आढळलेलं आहे. ते नाव म्हणजे 'नकुसा'. काही ठिकाणी ते 'नकुशी' किंवा 'नकोशी' असंही म्हणतात.

काही वर्षांपूर्वी मी पाचवीच्या वर्गाची हजेरी घेत होते. जून महिना, नवा वर्ग, नवी मुलं. या नावापाशी आले आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. एक मुलगी उभी राहिली. 'हजर' म्हणाली, पण ओठ हलले तेवढंच कळलं. मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाजवळ आली आणि म्हणाली, "बाई, हजेरीत माझं नुसतं आडनाव घ्याल का?"

तिने असं का विचारलं असेल? चला, समजून घेऊया.

हे नाव कसं तयार झालं?

मराठीत 'नको' हा मोठा गमतीदार शब्द आहे. 'हवा, हवी, हवं' असं लिंगाप्रमाणे बदलतं. 'नको' मात्र तिन्ही लिंगांत सारखाच राहतो. तो इतका उपयोगी आहे, की दख्खनी उर्दूनेही मराठीकडून तो उचलला. हैदराबादेत आजही 'नक्को' ऐकू येतं.

या 'नको'ला '-सा, -शी, -सं' हा प्रत्यय लागला, की 'नकोसा, नकोशी, नकोसं' ही विशेषणं तयार होतात. 'लहानसा, लहानशी' होतं, तसंच. नकोशी म्हणजे नको वाटणारी. बोलताना 'को'चा 'कु' झाला आणि 'नकुशी' झालं.

मग 'नकुसा' कसं? व्याकरणाने पाहिलं तर 'नकोसा' हे पुल्लिंगी रूप आहे. पण सीता, सुमित्रा, अनसूया अशी मुलींची कितीतरी नावं आकारान्त असतात. त्यामुळे 'नकुसा' कानाला मुलीच्या नावासारखंच लागतं. अर्थ ठाऊक नसलेल्या माणसाला ते गोडसुद्धा वाटेल. अर्थ मात्र सरळ आहे : आम्हाला नको असलेली.

हे नाव का ठेवत?

पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः सातारा जिल्ह्यात, हे नाव मोठ्या संख्येने आढळलं. घरात पहिली मुलगी झाली, दुसरी झाली, मुलाची वाट पाहताना तिसरी किंवा चौथीही मुलगीच झाली, की तिचं नाव नकुसा ठेवायचं. समजूत अशी, की हे नाव ठेवलं म्हणजे देवाला निरोप पोचतो : आता मुलगी पुरे, पुढचा मुलगा दे.

आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते. जरा डोळ्यांपुढे आणा. बाळाला पहिल्यांदा त्याचं स्वतःचं असं काही मिळतं ते नाव. आणि या बाळाच्या कानात पडतं 'नको'.

मराठीत दोन वाक्प्रचार आहेत, 'नाव ठेवणे' आणि 'नावं ठेवणे'. फरक फक्त एका अनुस्वाराचा. पहिल्याचा अर्थ नामकरण करणे, दुसऱ्याचा दोष काढणे. या मुलींच्या बारशाला दोन्ही एकदमच झालं.

मग दगडू आणि धोंडूचं काय?

इथे काही जण म्हणतील, "बाई, आपल्याकडे दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी अशीही नावं आहेतच की. ती तरी कुठे चांगली?" प्रश्न बरोबर आहे, म्हणून नीट पाहूया.

जुन्या काळी बाळं फार दगावत. आधीची मुलं गेलेली असली, की पुढच्या बाळाचं नाव मुद्दाम साधं, ओबडधोबड ठेवत. दगड, धोंडा, केर! म्हणजे कुणाची दृष्ट लागणार नाही, काळाचं लक्ष जाणार नाही आणि बाळ जगेल. त्या नावामागे माया होती, भीती होती. बाळ हवं होतं म्हणूनच नाव वाईट ठेवलं होतं.

नकुसाचं तसं नाही. दगडू हे नाव दगडूला वाचवण्यासाठी ठेवलं. नकुसा हे नाव नकुसासाठी ठेवलेलंच नाही. ते अजून न जन्मलेल्या भावासाठी ठेवलं. म्हणजे एका मुलीच्या अंगावर दुसऱ्याच्या नावाचा अर्ज लिहिला आणि तो अर्ज तिने जन्मभर वागवायचा. दोन्ही नावं ऐकायला सारखीच वाटली, तरी त्यांच्यातला हा फरक लक्षात ठेवा.

नकुसाच्या इतर भाषांतल्या बहिणी

असं नाव ठेवणारे फक्त आपणच आहोत का? नाही. हरियाणा-राजस्थानात 'भतेरी' हे नाव आढळतं, म्हणजे पुष्कळ झाल्या. राजस्थानात 'धापू' आहे, म्हणजे तृप्त झालो, आता पुरे. बंगालीत 'आन्नाकाली' हे जुनं नाव आहे. त्याची फोड 'आर ना, काली' अशी होते, म्हणजे 'आता आणखी नको, कालीमाते'. तमिळनाडूत 'वेण्डाम' म्हणजे चक्क 'नको' या नावाच्या मुली आहेत. चीनमध्ये 'चाओदी' हे नाव ठेवत. त्याचा अर्थ धाकट्या भावाला बोलावून आणणारी.

कुस्तीगीर अंतिम पंघालचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ती हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातल्या भगाना गावची. चार बहिणींत ती धाकटी. आता ही शेवटची मुलगी असावी म्हणून आईवडिलांनी नाव ठेवलं 'अंतिम'. २०२२ मध्ये २० वर्षांखालील जागतिक कुस्ती स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. २०२३ मध्ये तिने ते सुवर्णपदक पुन्हा जिंकलं. शेवटची म्हणून नाव ठेवलेली मुलगी पहिली आली! पण एक गोष्ट विसरू नका. प्रत्येक मुलीला आपली किंमत सिद्ध करायला सुवर्णपदक का आणावं लागावं? पदक नसलेली नकुसाही तेवढीच मोलाची आहे.

सातारा, २२ ऑक्टोबर २०११

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली आढळल्या. १९९१ मध्ये हा आकडा ९४६ होता आणि २००१ मध्ये ९१३. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला, तरीही आकडा घसरतच होता. म्हणजे 'नको' हा शब्द बारशाआधी, जन्माच्याही आधी उच्चारला जात होता. नकुसा निदान जन्मली तरी.

याच काळात सातारा जिल्ह्यात नकुसा नावाच्या मुलींचा शोध घेण्यात आला. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात एक सामूहिक नामकरण सोहळा झाला. २८५ मुलींनी जुनं नाव सोडून नवं नाव घेतलं. नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि हातात फुलं, असं ते दुसरं बारसं होतं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री. सावित्रीबाई फुले यांचं जन्मगाव नायगाव हे याच सातारा जिल्ह्यातलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पुढे २०१६ मध्ये 'नकुशी' या नावाची एक मराठी मालिकाही आली आणि हा शब्द घराघरांत पोचला.

विज्ञान काय सांगतं?

आईच्या बीजांडात नेहमी एक्स हे गुणसूत्र असतं. वडिलांच्या शुक्राणूत एक्स किंवा वाय यांपैकी एक असतं. एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी हे नव्याने ठरतं. आधीच्या बाळाच्या नावाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. नकुसानंतर काही घरांत मुलगा झाला, तो योगायोगाने. काही घरांत पुन्हा मुलगीच झाली. पण आपण पहिलं उदाहरण लक्षात ठेवतो आणि दुसरं विसरतो. समज असेच टिकतात.

नाव बदलता येतं का?

येतं. जन्माची नोंद नावाशिवाय झाली असेल, तर १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं. नाव आधीच नोंदलेलं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. मूल सज्ञान नसेल तर अर्ज पालकांनी करायचा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधला बदल मूल शाळेत शिकत असतानाच करून घेणं सोयीचं. मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला, की काम अवघड होऊन बसतं.

माझ्या वर्गातल्या त्या मुलीचं नाव बदलायला बरेच महिने लागले. वडील आधी म्हणाले, "नावात काय असतंय बाई? लग्न झाल्यावर बदलंलच की." मी त्यांना एवढंच विचारलं, "तोपर्यंत तिने हजर म्हणायचं की नाही?" ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात कागद घेऊन आले.

नवं नाव तिने स्वतः निवडलं. ते इथे सांगत नाही, ते तिचं आहे. पहिल्या दिवशी हजेरीत मी ते नाव घेतलं, तर ती उठलीच नाही. तिच्या लक्षातच आलं नाही! शेजारणीने कोपराने ढोसलं, तेव्हा दचकून उभी राहिली आणि "हजर, बाई" म्हणाली. ते मला फळ्यापाशी स्पष्ट ऐकू आलं.

कागदावरचं नाव कार्यालय बदलतं. तोंडातलं नाव मात्र आपणच बदलायचं असतं. घरात, गल्लीत, वर्गात लोक जुन्याच नावाने हाक मारत राहिले, तर राजपत्राचा काय उपयोग? म्हणून तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल, तर आधी हसू नका. "तुला कोणत्या नावाने हाक मारू?" असं विचारा आणि ती सांगेल त्याच नावाने हाक मारा.

स्वाध्याय

१. 'नाव ठेवणे' आणि 'नावं ठेवणे' यांचा प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करा.
२. 'धोंडू' आणि 'नकुसा' या नावांमागच्या हेतूंतला फरक तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमचं नाव कुणी ठेवलं, का ठेवलं, हे घरी विचारा आणि आठ-दहा ओळी लिहून आणा. आजीचं नाव कुणी आणि का ठेवलं, हेही विचारायला विसरू नका.