नव्या घरांतील पहिले दिवस

घर बदललें म्हणजे पाण्याचा तांब्याहि चटकन हातीं लागत नाहीं. विंडोज सोडून आम्ही लिनक्सकडे वळलों, तेव्हां आमची अशीच गत झाली.

युनिक्स ही प्रणाली १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन, डेनिस रिची प्रभृतींनीं आरंभिली. तिच्याच धर्तीवर १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लिहिला.

विंडोजप्रमाणें येथें 'सी', 'डी' अशीं निरनिराळीं दालनें नाहींत. एका मुळापासून सर्व फांद्या फुटतात. रोमन लिपींतील लहान व मोठें अक्षर भिन्न मानलें जातें. त्यामुळें स्वतःचीच फाइल आम्हांस सांपडेना.

एके दिवशीं निबंधाचे जुने खर्डे पुसण्यासाठीं आम्हीं 'आरएम' ही आज्ञा लिहिली. फाइलीच्या नांवास चिकटून द्यावयाची तारका चुकून जागा सोडून दिली. एकट्या तारकेचा अर्थ 'येथील सर्व फाइली'! कांहींएक न विचारतां संगणकानें आज्ञा पाळली. नवा निबंधहि गेला, आणि तो कचऱ्याच्या टोपलींतहि उरला नाहीं.

प्रथम संगणकाचा राग आला. परंतु त्यानें आम्हीं सांगितलें तेंच केलें होतें. आतां 'मॅन' या आज्ञेनें माहिती वाचल्यावांचून आम्ही नवी आज्ञा देत नाहीं. पुसण्यापूर्वीं तेंच नांव 'एलएस'ला देऊन काय जाणार तें पाहतों, आणि 'आरएम'ला 'आय' हा पर्याय जोडतों. मग तो प्रत्येक फाइलीगणिक विचारतो.

बालमित्रहो, नव्या घरास नांवें ठेवण्यापूर्वीं तेथील रीत विचारून घ्यावी.