बाळाचे दात : समज, गैरसमज आणि निगा

घरात मूल सहा-सात महिन्यांचे झाले की सगळ्यांचे लक्ष त्याच्या हिरडीकडे लागते. आजी बोट फिरवून पाहते, आत्या दात दिसला का म्हणून विचारते. पहिला दात चमच्याला लागून ‘टिक्’ असा वाजला की घरभर आनंद होतो. हा आनंद योग्यच आहे. परंतु या आनंदाबरोबर दोन गैरसमजही आपल्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. पहिला असा की, दात येताना ताप, जुलाब, उलट्या व्हायच्याच, त्यासाठी दवाखान्यात जाण्याची गरज नाही. दुसरा असा की, दुधाचे दात पडणारच असतात, मग त्यांची काळजी कशाला? पहिल्या गैरसमजापायी मूल दगावू शकते आणि दुसऱ्यापायी त्याचे बालपण दातदुखीत जाते. म्हणून माता-भगिनींनी, तसेच घरात लहान भावंडे असलेल्या विद्यार्थी मित्रांनी या विषयाची शास्त्रीय माहिती करून घेणे आवश्यक आहे.

१) दात केव्हा आणि कसे येतात?

दात हिरडीतून बाहेर पडताना आपल्याला दिसतो, पण त्याची घडण त्याच्या फार आधी सुरू झालेली असते. गर्भ सुमारे सहा आठवड्यांचा असतानाच दुधाच्या दातांचे अंकुर तयार होऊ लागतात आणि गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास त्यांत क्षार भरू लागतात. म्हणजे बाळाच्या दातांची काळजी आईच्या पोषणापासूनच सुरू होते.

दुधाचे दात एकूण २० असतात. वर १० आणि खाली १०. त्यांच्या येण्याचा सर्वसाधारण क्रम असा :

खालचे मधले दोन दात : ६ ते १० महिने
वरचे मधले दोन दात : ८ ते १२ महिने
त्यांच्या शेजारचे पटाशीचे दात : ९ ते १६ महिने
पहिल्या दाढा : १३ ते १९ महिने
सुळे : १६ ते २३ महिने
दुसऱ्या दाढा : २३ ते ३३ महिने

साधारणपणे तिसऱ्या वाढदिवसापर्यंत सर्व २० दात आलेले असतात. दोन-चार महिने मागेपुढे झाले तर घाबरू नये. शेजारच्या मुलाला सहाव्या महिन्यात दात आला आणि आपल्याला दहाव्यातही नाही, यात आपल्या बाळाचे काही कमी नसते. मात्र दीड वर्ष झाले तरी एकही दात दिसत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे.

येथे आणखी एका समजुतीचा विचार केला पाहिजे. काही घरांत वरचे दात आधी आले तर ते ‘मामाला जड’ मानतात. क्वचित एखादे बाळ दात घेऊनच जन्मते, तेव्हा तर त्या मुलाला आणि त्याच्या आईला अपशकुनी ठरवले जाते. दात कोणत्या क्रमाने येतात हे पुष्कळसे अनुवंशावर अवलंबून असते. त्याचा मामाच्या आयुष्याशी काडीचा संबंध नाही. जन्मतः असलेला दात सैल असेल, बाळाच्या जिभेला किंवा आईच्या स्तनाला जखम करत असेल, तर तो दंतवैद्यांना दाखवावा. त्याच्यासाठी उतारा नको आणि आईला बोलही नकोत.

२) दात येताना काय होते आणि काय होत नाही?

दात वर येताना हिरडी थोडी सुजते, लालसर होते. बाळ लाळ जास्त गाळते, हाताला येईल ते चावते, हिरडी चोळते, किरकिर करते. लाळेने हनुवटीवर पुरळ येते. अंग किंचित कोमट लागू शकते. एवढेच दातांचे काम.

अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील डॉक्टरांनी १२५ बाळांच्या आईवडिलांकडून रोजच्या रोज नोंदी ठेवून घेतल्या आणि त्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांना असे आढळले की दात येण्याचा त्रास दात दिसण्याच्या आधी चार दिवस आणि नंतर तीन दिवस, एवढ्या आठवडाभराचा असतो. या दिवसांत चावणे, लाळ, किरकिर, हिरडी चोळणे वाढते. परंतु जोराचा ताप, जुलाब, उलटी, खोकला यांचा दाताशी संबंध आढळला नाही.

मग दात येण्याच्या वयात मुले आजारी का पडतात? याचे उत्तर सोपे आहे. आईकडून गर्भात मिळालेली रोगप्रतिकारशक्ती सहा महिन्यांच्या सुमारास ओसरू लागते. याच वेळी वरचे अन्न आणि पाणी सुरू होते. बाळ रांगू लागते आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालते. वाटी, बाटली, पाणी, हात यांपैकी काहीही अस्वच्छ असले की जंतू पोटात जातात आणि जुलाब होतात. सहा महिने ते अडीच वर्षे या काळात कोणता ना कोणता दात येतच असतो, म्हणून दोष दातावर जातो आणि खरे कारण तसेच राहते.

हा गैरसमज केवळ आपल्याकडे नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३९ साली ५,०१६ मृत्यूंचे कारण सरकारी नोंदीत ‘दात येणे’ असे लिहिले गेले. डॉक्टर मंडळी बाळाच्या हिरडीला चीर देत. दात येताना द्यायच्या पुडींत तर पारा असे. त्या पाऱ्याने मुलांचे हातपाय लाल होत, सोलत आणि कित्येक मुले दगावत. १९५४ साली तेथे या पुडींतून पारा काढला गेला आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. तात्पर्य, आजार दाताने नव्हे, दातावरच्या औषधाने होत होता.

३) धोक्याची लक्षणे

पुढीलपैकी काहीही दिसले तर ‘दात येत आहेत’ म्हणून थांबू नये :

(अ) ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असणे.
(आ) पातळ पाण्यासारखे जुलाब, पुन्हा पुन्हा उलटी, शौचात रक्त.
(इ) टाळू किंवा डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, लघवी कमी होणे.
(ई) अंगावर न पिणे, सुस्त पडून राहणे, झटके येणे, धाप लागणे.

जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्यावी. शासकीय आरोग्य केंद्रात व आशाताईंकडे तिची पुडी मिळते. मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवावी. पुडी अर्धी-अर्धी करू नये. केलेले पाणी २४ तासांत वापरावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये. सहा महिन्यांवरील मुलाला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, अशी १४ दिवस देतात. जुलाब थांबले तरी ती पूर्ण द्यावी. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मिठाच्या अशाच द्रावणाने असंख्य जीव वाचवले. इतका स्वस्त उपाय हाताशी असताना केवळ समजुतीपायी मूल गमावणे यासारखे दुर्दैव नाही.

४) त्रास कमी करण्याचे साधे उपाय

साबणाने धुतलेल्या बोटाने हिरडी हलकेच एक-दोन मिनिटे चोळावी. स्वच्छ सुती फडके उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून चावायला द्यावे. घरी फ्रीज असेल तर ते गार करावे, पण बर्फासारखे गोठवू नये. चावण्याची रबरी कडी अखंड व भरीव असावी आणि रोज धुवावी. लाळ वरचेवर टिपावी, लाळेरे बदलावे. मुलाला कडेवर घ्यावे, जवळ घ्यावे. बहुतेक वेळा एवढ्याने भागते.

फारच त्रास असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, बाळाच्या वजनानुसार पॅरासिटामॉल द्यावे. येथे एक सावधगिरी बाळगावी. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर साध्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये सुमारे १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. म्हणून थेंबांचे औषध चमच्याने कधीही देऊ नये आणि बाटलीवरचे लेबल वाचल्याशिवाय मात्रा ठरवू नये.

५) काय करू नये?

टाकणखार मधात कालवून हिरडीला लावण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. ती सोडून द्यावी. मध आणि टाकणखार लावलेली चोखणी दिल्याने सात बाळांना झटके आल्याची नोंद १९८३ साली इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे. शिवाय एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यातील जंतूंच्या बीजांमुळे अंग लुळे पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो.

हिरडी बधिर करणारी मलमेही दुकानातून आणून लावू नयेत. बेंझोकेनयुक्त मलम दोन वर्षांखालील मुलांना लावू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिला, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. सॅलिसिलेट असलेली तोंडाची मलमे १६ वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, असे ब्रिटनने २००९ साली ठरवले.

गळ्यात दोरा, ताईत किंवा मण्यांची माळ बांधू नये. झोपेत ती आवळू शकते, मणी घशात जाऊ शकतो. खारीक, कच्चे गाजर, बिस्किटाचा कडक तुकडा हातात देऊन मुलाला एकटे सोडू नये. आणि मिसरी? ज्या बोटाने आई किंवा आजी मिसरी लावते तेच बोट बाळाच्या हिरडीवर फिरते. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती बाळाच्या पोटात जाणे म्हणजे विष जाणे होय. या निमित्ताने घरातील मिसरी सुटली तर तोही बाळाचा मोठाच उपकार!

६) दुधाच्या दातांची निगा

दुधाच्या दातांवरील कठीण आवरण पक्क्या दातांच्या मानाने सुमारे निम्म्या जाडीचे असते. म्हणून त्यांना कीड लवकर लागते आणि झपाट्याने आत जाते. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. म्हणजे दोन मुलांत एकाचे!

दुधाचे दात पडतात हे खरे, पण केव्हा? समोरचे सहा-सात वर्षांनी आणि शेवटच्या दाढा दहा ते बारा वर्षांनी. तोपर्यंत चावणे, स्पष्ट बोलणे, जबड्याची वाढ हे सारे त्यांच्यावर अवलंबून असते. शिवाय प्रत्येक दुधाचा दात पक्क्या दाताची जागा राखून ठेवतो. तो किडून अकाली काढावा लागला तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि पक्का दात वेडावाकडा येतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे जी नवी दाढ येते ती पक्की दाढ असते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून तिला दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि जन्माची दाढ जाते.

निगेचे नियम थोडकेच आहेत :

(अ) दात येण्यापूर्वीही दूध पाजल्यावर हिरडी ओल्या स्वच्छ फडक्याने पुसावी.
(आ) पहिला दात येताच लहान मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात घासावेत. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे चुकवू नये. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडयुक्त पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी घ्यावी. राखुंडी, कोळसा, मीठ वापरू नये. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच घासून द्यावे किंवा जवळ उभे राहावे.
(इ) तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवू नये. झोपेत लाळ कमी होते आणि गोड दूध रात्रभर दातांवर राहते. चोखणीला गूळ, साखर लावू नये.
(ई) कीड करणारे जंतू लाळेतून बाळाकडे जातात. घास चावून देणे, चमचा आधी स्वतःच्या तोंडात घालणे टाळावे. आईने स्वतःच्या किडलेल्या दातांवर उपचार करून घ्यावेत.
(उ) महिन्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ उचलून पाहावा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ ही किडीची पहिली पायरी असते आणि ती या टप्प्यावर थांबवता येते. डाग तपकिरी किंवा काळा झाला की दंतवैद्य गाठावा.
(ऊ) पहिला दात आल्यावर, निदान पहिल्या वाढदिवसापर्यंत, दात एकदा तपासून घ्यावेत.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मुळातच जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, असे भारतीय मानक आहे. अशा गावांत पाणी तपासून घ्यावे आणि पेस्टबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण जास्त फ्लोराइडने पक्के दात डागाळतात.

खर्चाची भीती बाळगू नये. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे आणि तीत दातांचाही समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला अंगणवाडीत आवर्जून पाठवावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये व रुग्णालये आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, घरात वा वस्तीत कोणी ‘दातामुळे जुलाब लागलेत, आपोआप थांबतील’ असे म्हणाले, तर वाद घालू नका. फक्त तीन प्रश्न विचारा. सकाळपासून किती वेळा झाले? लघवी केव्हा झाली? बाळ पिते आहे का? एवढे विचारून जलसंजीवनीची पुडी आणून द्या आणि गरज दिसली तर दवाखान्यापर्यंत सोबत जा. आपल्या शिक्षणाचा उपयोग घराला याहून अधिक कोणता व्हावा?