शरदातील वाडी

भाद्रपद सरतो, मेघांचा गडगडाट दूर जातो आणि आश्विनाच्या स्वच्छ उन्हात कोकणची किनारपट्टी न्हाऊन निघते. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन व दिवेआगर येथील नारळी-पोफळीच्या वाड्या या दिवसांत मोठ्या शोभिवंत दिसतात. माडांच्या झावळ्यांतून समुद्राची निळाई डोकावते. पोफळींवर सुपारीचे घोस पिकू लागतात. त्यांच्या खोडांवर मिरवेली चढलेल्या असतात. जवळच्या शेतात हळवे भात सोनेरी होते. पाऊस थांबताच वाडीला शिंपण सुरू होते व पाटाचे पाणी खळखळत आळ्याआळ्यांतून फिरते.

परंतु ही शोभा आपोआप टिकत नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली असंख्य झाडे काही तासांत भुईसपाट झाली. पोफळ लावल्यापासून फळ धरीपर्यंत साधारणपणे पाच ते सात वर्षे जातात. शिवाय तिच्या कोवळ्या रोपाला कडक ऊन सोसत नाही. मोठी झाडे पडली, म्हणजे त्यांची सावलीही गेली. अशा वेळी बागायतदार केळी लावतो. केळ झपाट्याने वाढते, रोपावर छाया धरते आणि वर्ष-सव्वा वर्षात घडही देते. तिच्या आधाराने पोफळ हळूहळू उंच होते.

शरदाची ही शोभा पाहताना, फळासाठी वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या त्या हातांचा धीरही ध्यानी घ्यावा.