कोडीचा हिशेब

मुलांनो, नंदुरबारच्या बाजारात एखाद्या आजीबाईंनी 'चार कोड्या आणि आठ' असे आंबे मोजले, तर हसू नका. कोडी म्हणजे वीस. हा शब्द उर्दूतही आहे. म्हणजे ४ × २० + ८ = ८८ आंबे झाले.

आपण दहाचे गट करतो, त्या विसाचे करतात. गट बदलले, तरी संख्येचे गुण बदलत नाहीत. उलट, एक सोय होते. २० ला ४ ने व ५ ने पूर्ण भाग जातो, म्हणून फक्त उरलेले आंबे पाहावेत. ८ ला ४ ने भाग जातो, म्हणून चौघांत सारखी वाटणी होते. ५ ने जात नाही, म्हणून पाच जणांत होत नाही.

शाळेत न गेलेल्या माणसांचा हिशेबही असा पक्का असतो. सांगा पाहू : 'तीन कोड्या आणि पंधरा' आंबे पाच जणांत सारखे वाटता येतील का?