तुरुंगात पत्रमैत्री: पाच रुपयांचे तिकीट आणि त्यापुढचा खर्च

शिक्षा भोगणारा एखादा माणूस पत्रातून मैत्री मागतो आहे आणि तुम्ही भाईंदर पूर्वेहून त्याला उत्तर द्यायचे ठरवता. टपालाला वर्षाकाठी तीनशे रुपयेही लागणार नाहीत. खिसा रिकामा होतो तो दुसऱ्याच वाटांनी: मनीऑर्डर, वकिलाची फी, रजेचा जामीन. म्हणून पहिले पत्र टाकण्याआधी दोन आकडे ठरवा. महिन्याला पत्रे किती लिहिणार आणि पैसे किती देणार. दुसरा आकडा शून्य असेल तर तसे सुरुवातीलाच कळवा.

ओळख कुठून होते

अमेरिकेत कैद्यांची माहिती छापून पत्रमित्र जुळवणाऱ्या संस्था आहेत. आपल्याकडे ही गाठ सहसा नातेवाईक, जुने शेजारी, वकील किंवा तुरुंगात काम करणारे कार्यकर्ते यांच्यामार्फतच पडते. ठाणे, कल्याण, तळोजा इथल्या बंद्यांच्या पुनर्वसनाचे काम टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून करतो. पत्रमित्र शोधून देणे हे त्यांचे काम नव्हे. पण बंदी सुटल्यावर त्याला काय लागते, हे समजून घ्यायला ते योग्य ठिकाण आहे. ओळख करून देण्यासाठी कोणी फी मागितली, तर तिथूनच परत फिरा.

पत्ता

न्यायाधीन बंदी बहुधा जवळच्या ठाण्यात किंवा तळोज्यात असतो. शिक्षा लागल्यावर त्याला येरवडा, नाशिक रोड, कोल्हापूर, अमरावती किंवा नागपूरला हलवू शकतात. त्यामुळे पाकिटावर टाकण्याआधी पत्ता ताजा करून घ्या. बंद्याचे पूर्ण नाव, बंदी क्रमांक, मग ‘द्वारा अधीक्षक, नाशिक रोड मध्यवर्ती कारागृह, ४२२१०१’ किंवा येरवडा असेल तर ४११००६. स्वतःचे नाव आणि पत्ता पिनकोडसह (भाईंदर पूर्व ४०११०५) लिहा. निनावी पत्र आत पोचेल अशी आशा धरू नका.

प्रत्येक पत्र आधी तुरुंगाचे अधिकारी वाचतात. खटल्याचा तपशील, साक्षीदारांची नावे, दुसऱ्या बंद्याच्या भानगडी यातले काही लिहू नका. मुलांची शाळा, कामाची वेळ हेही सुरुवातीला नको.

टपालाचे दर

• पोस्टकार्ड ५० पैसे, जबाबी पोस्टकार्ड १ रुपया. आतल्या माणसाला तिकिटासाठी कोणाकडे हात पसरावा लागत नाही, म्हणून जबाबी कार्ड उपयोगी. पण जोडकार्ड आत देतात का, ते आधी कारागृहात विचारा. तुरुंगातून आलेले उघडे कार्ड सोसायटीच्या टपालपेटीत कोणीही वाचेल, हेही लक्षात घ्या.

• अंतर्देशीय पत्र अडीच रुपये.

• पाकीट २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५. साधे चार कागद आणि पाकीट मिळून २० ग्रॅमच्या वर जातात, तेव्हा खिडकीवर वजन करून घ्या.

• स्पीड पोस्ट ५० ग्रॅमपर्यंत, शहराबाहेर ४७ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण साडेपंचावन्न. हे दर १ ऑक्टोबर २०२५ पासूनचे. रजिस्टर्ड पोस्ट त्याआधी, १ सप्टेंबरलाच, स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. पोच हवी असेल, तेव्हाच हा खर्च करा. पत्र तुरुंगाच्या दारात लवकर गेले म्हणून बराकीत लवकर जाईल असे नाही.

• पुस्तकासाठी ‘ज्ञान पोस्ट’: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर. पाठवण्याआधी अधीक्षकांची परवानगी विचारा. तळोज्यात बंदी असलेल्या गौतम नवलखा यांना पाठवलेले पी. जी. वुडहाउस यांचे विनोदी पुस्तक सुरक्षेचे कारण सांगून नाकारले गेले होते. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या कारणाला हास्यास्पद म्हटले.

हे झाले आत जाणाऱ्या पुस्तकाचे. आतून बाहेर येणाऱ्या लिखाणाबद्दल न्यायालयाने बरेच आधी बोलून ठेवले आहे. प्रभाकर संझगिरी यांनी स्थानबद्धतेत ‘अणूच्या अंतरंगात’ हे मराठी पुस्तक लिहिले. हस्तलिखित बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला, तेव्हा ते न्यायालयात गेले आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही जिंकले. नियमात नसलेले बंधन अधिकाऱ्याला मनाने घालता येत नाही, हा त्याचा मथितार्थ.

पैशाची मागणी आली तर

बंद्याला पैसे मनीऑर्डरने जातात, ते त्याच्या तुरुंगातल्या खात्यात जमा होतात आणि कँटीनमध्ये खर्च होतात. कमिशन दर २० रुपयांना १ रुपया, म्हणजे हजाराला ५०. बिगर-नातेवाइकाची मनीऑर्डर घेतात का, ते कारागृहात विचारा.

‘मी आतून बोलतोय, या नंबरावर टाका’ असा व्हॉट्सॲप निरोप आला, तर एक रुपयाही टाकू नका. बंद्याने मोबाइल बाळगणे बेकायदा आहे. तो निरोप भामट्याचा असेल किंवा तुम्हाला गोत्यात आणणारा.

वकिलाच्या फीसाठी पैसे मागितले, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ ची आठवण द्या. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क आहे. हेल्पलाइन १५१००.

सर्वांत महाग मागणी रजेच्या वेळी येते. संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजेवर सुटताना जामीनदार लागतो. बंदी मुदतीत परतला नाही, तर जामिनाची रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. पत्रांच्या ओळखीवर ही सही करू नका. ते काम नातेवाइकांचे.

वर्षाचा हिशेब

महिन्याला दोन पाकिटे १० रुपये आणि एक जबाबी कार्ड १ रुपया, वर्षाचे १३२. दोन स्पीड पोस्ट १११. एक पुस्तक करासह २४ च्या आत. एकूण २६७ रुपये; कागद आणि पुस्तकाची किंमत वेगळी.

एवढेही जमणार नसेल, तर महिन्याला एकच पत्र लिहा, पण ते चुकवू नका. आठवड्याला एक लिहून दिवाळीनंतर गप्प होणारा मित्र आतल्या माणसाला फार महाग पडतो. थांबायचेच असेल, तर तेही पत्रानेच कळवा. त्यालाही पाच रुपयेच लागतात.